मांडीवरची पेटी

जहाजाची तिकिटं घरात आली त्या दिवशी सुतळीकाकांनी पहिलं काम काय केलं असेल? हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला आणि फरशीवर खडूने एक लांबट चौकोन आखला. चौकोनात दोन पलंग, एक कपाट, एक छोटा सोफा, दाराजवळ न्हाणीघर, सगळं मापात. मग कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "ही आपली केबिन. यात वावरायची आत्तापासून सवय करा. तिथे जाऊन एकमेकांच्या पायांत पाय नकोत."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि चौकोन तुडवत सरळ दाराकडे निघाल्या.

"अगं, अगं! भिंतीतून काय चाललीस?"

"मग काय समुद्रातून वळसा घालू?" असं म्हणून काकूंनी दार उघडलं.

दारात शेजारीण उभी होती, वाटीभर साखर मागायला. काकांच्या हिशेबाने ती उभी होती ती जहाजाची मार्गिका होती, आणि आत यायचं तर पलंग आणि कपाटाच्या मधून तिरकं यावं लागणार होतं. ती बिचारी तिरकी आली आणि साखर घेऊन तिरकीच गेली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

आता या माणसाचं डोकं फिरलं होतं असं समजू नका. हा त्यांचा धंदाच होता. सुतळीकाका घरं हलवायचे. म्हणजे लोक नुसतं म्हणायचे, "आम्ही घर बदलतोय," आणि खरं बदलायचे काका. एक म्हातारा टेम्पो, एक त्याहून जरा बरा टेम्पो, रेल्वे फाटकाजवळ पत्र्याचं गोदाम आणि त्यात छतापर्यंत खोकी. पँटच्या उजव्या खिशात सुतळीचा गुंडा कायम. आपटणारं दार असो, दप्तराचा तुटलेला पट्टा असो, काकांचा हात खिशात गेलाच म्हणून समजा. निम्म्या गावाचं सामान त्यांच्या हाताखालून गेलं, पण कुणाच्या घरातला सुतळीचा तोडाही कधी इकडचा तिकडे झाला नाही. नाव त्यावरून पडलं की खिशावरून, हे काकूंनाही सांगता यायचं नाही.

या धंद्यात काकांचे दोन नियम होते. पहिला नियम त्यांच्या हमालांनाही पोपटासारखा पाठ होता: सुटं दिसलं की भरा. खोलीत एकही सुटी वस्तू दिसेनाशी झाली की खोली झाली. याच नियमापायी एकदा काकांनी एका घरमालकाचा कप उचलून कागदात गुंडाळायला घेतला. मालक अजून त्यातून चहा पीत होता.

दुसरा नियम जरा हळवा होता. टेम्पो भरून झाला की काका घरच्या माणसांसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "तुमची मांडीवरची पेटी कुठली?" माणशी एक पेटी किंवा पिशवी टेम्पोत जायची नाही. ती ज्याची त्याने मांडीवर घेऊन जायची. जिच्यात जीव अडकलाय ती. एका करड्या तोंडाच्या न्यायाधीशाने तडा गेलेली कुंडी मांडीवर घेतली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थाने नुसती उशी. पेटीत काय आहे ते मात्र कुणी विचारायचं नाही. काकाही विचारायचे नाहीत, आणि एखाद्या हमालाने विचारलंच तर त्याला त्या दिवशी फक्त कपाटं उचलायला लागायची.

आता खरी गोष्ट. काकांना एकच लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आणि लग्न होऊन, स्वतःला पोर होऊनही भिंगरीच राहिली. दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या नवऱ्याला सातासमुद्रापार नोकरी लागली, आणि महिनाभरात बिऱ्हाड उचलून तिकडे जायचं ठरलं. जहाजाची टूम भिंगरीचीच. "जायच्या आधी चार दिवस आपण सगळे एकत्र राहू. आईने स्वयंपाक करायचा नाही आणि बाबांनी सामान उचलायचं नाही."

लेकीचं घर आपणच बांधायचं, याबद्दल काकांच्या मनात तसूभर शंका नव्हती. विचारायचं काय त्यात? गोदामातली चांगली कोरी खोकी त्यांनी केव्हाच बाजूला काढून ठेवली होती. आणि एका रविवारी भिंगरी आली, चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, आमचं सामान लाल टेम्पोवाल्यांना दिलंय."

काकांचा कप तसाच हवेत राहिला. "कुणाला?"

"लाल टेम्पोवाल्यांना. ठरलंय सगळं."

"ते? अगं, ते काचेच्या कपाला एक कागद गुंडाळतात. एक!"

"असू दे. फुटले तर फुटले."

"फुटले तर फुटले?" काकांचा आवाज चढला. "सुतळीकाकांची पोरगी हे बोलतेय? का पण? माझ्यात काय खोट काढलीस?"

"खोट कसली, बाबा. तुम्ही नका करू, एवढंच."

एवढं बोलून ती उठली आणि कप विसळायला गेली. काकांना ते लागलं. फार लागलं. अख्ख्या गावाने ज्याच्या हवाली घरं केली, त्याच्या पोटच्या पोरीने सामान दुसऱ्याला द्यावं? ती जाणार याने काळीज तुटत होतंच. पण या माणसाला दुःख धरायची एकच रीत ठाऊक होती: खोकं उघडायचं, तळाला कागद घालायचा आणि भरत सुटायचं. लेकीने नेमकी तीच रीत काढून घेतली. त्या दिवसापासून त्या विषयावर बापलेकीच्या तोंडाला कुलूप. बोलायचे ते फक्त जहाजाबद्दल.

आणि काय बोलायचे! काकांनी जहाज असं अंगावर घेतलं की बुकिंगच्या ऑफिसातल्या मुलीच्या नाकी नऊ आले.

"केबिन मधोमध हवी आणि खालच्या मजल्यावर," काका म्हणाले.

"काका, वरून समुद्र काय सुंदर दिसतो!"

"बाळ, टेम्पोत काचसामान कुठे ठेवतात? मधोमध आणि खाली. मागे ठेवलं की उसळतं. माणसाचं पोट म्हणजे काचसामानच आहे. समुद्र बघायला मी जिना चढेन, उलटी करायला नाही."

तिने मुकाट्याने मधोमध आणि खाली दोन केबिनी दिल्या. शेजारीशेजारी, मधलं दार उघडणाऱ्या. तेही काकांनीच हटून मागून घेतलं, नाहीतर नात रात्री आजीकडे जायचं म्हणून मार्गिकेत भटकत बसली असती. मग काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता मला सांग, धक्क्यावर आमच्या बॅगा कोण उचलतं? त्या माणसाशी बोलायचंय मला." मुलगी हात जोडायचीच बाकी होती.

पंधरा दिवसांत काका आळीतले जहाजतज्ज्ञ झाले. जहाज त्यांनी अजून चित्रातच पाहिलं होतं, पण त्याने काय अडतंय! कुणाच्या पुतण्याला, कुणाच्या साडूला जायचं असलं की लोक काकांकडे येऊ लागले. काका खडूच्या केबिनीत उभे राहून सल्ला द्यायचे. बंदराच्या गावी एक दिवस आधी पोचा, जहाज काय तुमच्या मामाचं आहे थांबायला? ओकारीची गोळी ओकारीच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन ती समुद्राला देण्यात काय अर्थ आहे? पासपोर्ट आणि औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग संध्याकाळपर्यंत हाताला लागत नाही. गावात फिरायला उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, गावच्या नाही. आणि दिवसभर एकमेकांच्या मानगुटीवर बसू नका. ज्याला पोहायचंय त्याने पोहावं, ज्याला लोळायचंय त्याने लोळावं, जेवायला मात्र सगळे एका टेबलावर. हा शेवटचा सल्ला काकूंना इतका पटला की त्यांनी तो घरीही लागू करा असं सुचवलं.

पण काकांचा हुकमी सल्ला वेगळाच होता. तो सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. "शेवटच्या संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. जहाजाची माणसं त्या घेऊन जातात आणि सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. आता गंमत ऐका. लोक काय करतात? सगळे कपडे भरून टाकतात! आणि सकाळी झोपायच्या कपड्यांत उतरतात. म्हणून उद्याचे कपडे आधी बाहेर काढून ठेवायचे. साधी गोष्ट आहे, पण नाही कळत लोकांना!"

"किती वेळा सांगाल?" काकू म्हणायच्या. शेजारणीला तर ते पाठ झालं होतं, आणि तिला कुठेच जायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दारात उभ्या राहिल्या, प्रत्येकीवर सुतळीची फुली आणि काकांची ती खास गाठ. ती गाठ सोडवायची रीत दोघांनाच येत होती, काकांना आणि भिंगरीला. बाकीच्यांना कात्री लागायची. मग काकांनी रांगेत उभं करून एकेकाला विचारलं, "तुमची मांडीवरची पेटी?"

काकूंनी बिस्किटांची पिशवी दाखवली. जहाजावर दिवसभर फुकट खायला मिळतं हे त्यांना दहादा सांगून झालं होतं. "मिळत असेल," त्या म्हणाल्या, "पण भूक लागल्यावर मिळतं की त्यांच्या वेळेला?" जावईबापूंकडे वायरी आणि चार्जर भरलेली बॅग होती. नातीचं नाव मिरची, आणि ते तिला शोभत होतं. तिच्या पाठीवरच्या पिशवीत काहीतरी खडखडत होतं. विचारायचं नाही हा नियम असल्यामुळे कुणी विचारलं नाही.

"आणि तुझी गं?" काकांनी लेकीला विचारलं.

"माझी कसली? सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहेत. तीच."

"ते काम झालं. मांडीवरची पेटी कामाची नसते, भिंगरे."

"मग समजा तीच आहे," असं म्हणून तिने पर्स काखेत घट्ट धरली आणि ती टॅक्सी बघायला गेली. काकांनाही वाटलं, हिचा जीव कशात अडकलेला दिसत नाही. चालली ती खुशाल चालली.

धक्क्यावर मात्र काकांची परीक्षा होती. जन्मभर दुसऱ्यांचं सामान उचललेल्या माणसाला आपलं सामान दुसऱ्याच्या हातात द्यायचं होतं. हमालाने ढकलगाडी पुढे केली. काका म्हणाले, "जड खाली." हमालाने जड खाली ठेवलं. काका म्हणाले, "मुठी बाहेरच्या बाजूला." हमालाने मुठी बाहेर केल्या. तरीही काकांनी सगळ्या बॅगा उतरवून स्वतः पुन्हा लावल्या, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंच्याही लावून दिल्या. हमाल सुतळीच्या गाठीकडे बघत म्हणाला, "धंद्यातले दिसता."

"कशावरून?"

"सुट्टीला आलेला माणूस सामान सोडून पुढे पळतो. तुम्ही माझी गाडीच घेऊन चाललात."

काकांनी लाजून गाडी सोडली. जाताना तीनदा मागे वळून बघितलं.

जहाजावर पहिला दिवस काकांना अगदी जड गेला. हाताला काम नाही. डेकवरची एक खुर्ची वाऱ्याने हलत होती ती त्यांनी सुतळीने कठड्याला बांधली. जहाजाच्या माणसाने ती सोडली. काकांनी पुन्हा बांधली. शेवटी त्या माणसाने ती खुर्ची काकांच्या नावावरच सोडून दिली. केबिन खरोखर खडूच्या चौकोनाएवढीच निघाली तेव्हा मात्र त्यांनी विजयी नजरेने सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी कपाटाच्या दारावर त्यांचं डोकं आपटलं. दार बाहेर उघडतं हे खडूने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिरची त्यांना ओढत जहाजाच्या पुढच्या टोकाला घेऊन गेली. तिथे जहाज धक्क्याला बांधायचा दोर वेटोळं करून ठेवला होता, माणसाच्या मांडीएवढा जाड. काका बघतच राहिले. "बापरे," ते म्हणाले, "ही खरी सुतळी." तिथून ते हलेनात. मिरचीने आजीला जाऊन सांगितलं की आजोबा एका दोराच्या प्रेमात पडलेत. काकू म्हणाल्या, "पडू दे. तेवढीच मला उसंत."

संध्याकाळी त्याच दोराजवळ भिंगरी येऊन उभी राहिली. समोर नुसतं पाणी. 

"लाल टेम्पोवाले कधी येणार?" काकांनी विचारलं.

"पुढच्या सोमवारी."

"कपांना दोन कागद गुंडाळायला सांग."

"सांगते."

एवढंच. भिंगरीच्या मनात आणखी काहीतरी होतं, ते ओठांवर आलंही होतं. पण काकांनी वाकून दोराच्या वेटोळ्याचं टोक तपासायला घेतलं आणि ते राहून गेलं.

बघता बघता शेवटची संध्याकाळ आली. लवकर जेवणं झाली. जहाजावर त्या दिवशी मुलांसाठी डेकवर सिनेमा होता, आणि गंमत अशी की सगळ्यांनी झोपायच्या कपड्यांत, पांघरुणं घेऊन यायचं. मिरचीने घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांनी कपडे बदलले. काकूंनी उद्याचे कपडे दोन्ही खोल्यांतल्या सोफ्यांवर नीट घड्या घालून ठेवले, खाली बूटचपला लावल्या, आणि काकांना म्हणाल्या, "चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी बॅगा भरून बाहेर ठेवतो."

"उद्याचे कपडे..."

"मला सांगतेस?" काका म्हणाले. पायजमा-बनियनवर उभा असलेला माणूस जितक्या रुबाबात म्हणू शकतो तितक्या रुबाबात म्हणाले.

सगळे गेले. खोलीत काका एकटे राहिले, आणि अंथरुणावर पसरलेलं सामान. त्यांनी पहिली बॅग उघडली. मिरचीचा एवढासा झगा हातात आला. त्याची घडी घातली. मग भिंगरीचा ओढणीवजा रुमाल, तिचा निळा कुडता. तो कुडता हातात घेतला आणि काकांच्या मनात आलं, घर लाल टेम्पोवाले बांधतील तर बांधोत. ही एक बॅग आपल्या हातची आहे. ही शेवटची. त्यांनी कुडत्याच्या बाह्या मागे वळवल्या, मधे कागद घातला, चुरगळू नये म्हणून. डोळे भरून आले, समोरचं धूसर झालं. पण हात थांबले नाहीत. हातांना डोळे लागतच नव्हते. सुटं दिसेल ते उचलत, घडी घालत, कोपऱ्यात दाबत हात चालत राहिले. ही खोली झाली, मधल्या दारातून ती खोलीही झाली. मांडीवरच्या पिशव्या तेवढ्या जागच्या जागी ठेवल्या, त्यांना हात लावायचा नाही हा नियम. बॅगांना सुतळीच्या फुल्या मारल्या, गाठी आवळल्या, दाराबाहेर ओळीने उभ्या केल्या. मग दारात उभं राहून दोन्ही खोल्या न्याहाळल्या. पलंग साफ, खुर्ची साफ, सोफे साफ. एकही सुटी वस्तू नाही. इतकं नेटकं काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मंडळी परत आली तेव्हा मिरची जावईबापूंच्या खांद्यावर गाढ झोपलेली. ती उठू नये म्हणून कुणी दिवा लावला नाही.

सकाळी सगळ्यांत आधी काकूंना जाग आली. त्या सोफ्याजवळ गेल्या. मग सोफ्याच्या मागे पाहिलं. मग खाली वाकून पाहिलं.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "सोफ्यावर कपडे होते."

"कुठल्या सोफ्यावर?"

"या खोलीत काय चार सोफे आहेत?"

काका ताडकन उठून बसले. सोफ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. मग दोन्ही हातांकडे बघितलं, जसे ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. त्यांनी कपाट उघडलं, आणि या वेळी डोकं वाचवलं. आत जहाजाचे दोन टॉवेल होते.

मधलं दार उघडलं आणि जावईबापू आले, केळ्यांच्या चित्रांची अर्धी चड्डी आणि गळ्याशी उसवलेला बनियन घालून. "बाबा, आमच्या खोलीत कपडे..." एवढं म्हणून ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघू लागले. मागे भिंगरी, ढगळ गाऊनमध्ये, पर्स छातीशी धरून. तिच्या मागे मिरची, हिरव्या डायनासोरच्या पोशाखात, शेपटीसकट. पाचही जणांनी एकमेकांना बघून घेतलं.

"सगळे असेच उतरणार?" मिरचीने विचारलं.

जावईबापूंनी मान डोलावली.

"हुर्रे!" मिरची ओरडली.

जावईबापूंनी सुचवलं की निदान टॉवेल तरी पांघरू. काका त्या अवस्थेतही कडाडले, "ते जहाजाचे आहेत! सुतळीचा तोडा कधी घेतला नाही कुणाचा, आता टॉवेल नेऊ?" काकू म्हणाल्या, "तोडा नाही घेतलात हो, पण आमच्या अंगावरचं सगळं घेतलंत." आणि त्यांनी बिस्किटांची पिशवी उचलली, फुलाफुलांच्या गाऊनवर मान ताठ केली आणि पुढे निघाल्या. त्यांना दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

उतरायची रांग म्हणजे माणसांचा पूर. सगळे न्हालेले, भांग पाडलेले, बूट घातलेले. आणि त्यात ही वरात. गणवेशातल्या अधिकाऱ्याने सलाम ठोकायला हात उचलला तो अर्ध्यावर थांबला. पुढे एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. जेवणाच्या टेबलावर काकांनी त्यांना दोन दिवस सल्ले पाजले होते. ते मागे वळले, काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अतिशय आदराने म्हणाले, "उद्याचे कपडे आधी बाहेर काढून ठेवायचे, नाही का?"

काकांना वाटलं, समुद्रात उडी मारावी. चाळीस घरं एका दमात हलवली असती, पण जहाजावरून धक्क्यावर जाणारा हा उतार संपेना. एका हातात मिरचीचा हात, दुसऱ्या हातात काकूंनी सोपवलेली बिस्किटांची पिशवी. आणि बरोबर उताराच्या मधोमध पायजम्याची नाडी तुटली.

काका जागीच थिजले. कोपरांनी पायजमा दाबून धरला. मागची रांग थांबली, मागून कुणीतरी "चला, चला" म्हणू लागलं. पिशवी काकूंकडे टाकून काकांचा हात सवयीने उजव्या खिशाकडे गेला. पायजम्याला खिसाच नव्हता. खिसा पँटला, पँट बॅगेत, बॅग धक्क्यावर. जन्मात पहिल्यांदा या माणसाजवळ वीतभर सुतळी नव्हती.

"बाबा, हलू नका," भिंगरी म्हणाली.

तिने पर्स उघडली. पासपोर्ट बाजूला केले, आत हात घातला आणि सुतळीचा एक छोटा गुंडा काढला. जुना, मळकट, गुळगुळीत झालेला. काकांनी तो लांबूनच ओळखला. त्याचं टोक ते गोदामात बांधायचे तसंच बांधलेलं होतं. तिने सुतळी ओढली, दाताने तोडली, बापाच्या कमरेभोवती फिरवली आणि पोटावर ती खास गाठ मारली. अख्खी रांग बघत होती. तिला कशाचं भान नव्हतं.

"हा कुठून आला तुझ्याकडे?" काकांनी हळूच विचारलं.

"मांडीवरच्या पेटीत काय आहे ते विचारायचं नसतं," भिंगरी म्हणाली.  "तुमचाच नियम आहे."

उतार कधी संपला ते काकांना कळलं नाही. खाली सामानाच्या शेडमध्ये त्यांच्या बॅगा लांबूनच दिसत होत्या, सुतळीच्या फुल्यांमुळे. जावईबापू धावत गेले आणि कपडे मिळावेत म्हणून गाठीशी झटू लागले. काकू आणि मिरची बाकावर बसून बिस्किटं खात होत्या. बापलेक जरा बाजूला उभी होती.

"आता तरी कळलं का, तुम्हाला नको का म्हणाले?" भिंगरी म्हणाली. "तुम्ही माझं एकेक खोकं भरणार. कपाला दोन कागद, मिरचीच्या खेळण्यांना दोन कागद. वर तुमची गाठ. मला जाताच येणार नाही हो, बाबा. लाल टेम्पोवाले आले तर नुसतं सामान तरी जाईल."

 काकांनी पायजम्याच्या गाठीवर उगीच हात फिरवला. मग म्हणाले, "त्यांनाच दे. मी तुझा एक कुडता भरायला घेतला आणि बघ काय करून ठेवलं. अख्खं घर दिलंस तर मी भिंतीसुद्धा भरून टाकीन."

भिंगरी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि ढगळ गाऊनमध्ये, भर शेडमध्ये, बापाच्या गळ्यात पडली. काकाही रडले. लपवलं नाही. आधीच बनियनवर उभे होते, आणखी काय जायचं राहिलं होतं?

"बाबा!" लांबून जावईबापू ओरडले. "ही गाठ सुटत नाहीये!"

"मी येते," भिंगरी डोळे पुसत म्हणाली आणि गेली. दोन बोटांनी गाठ सोडली.

घरी पोचल्यावर ती दारातच म्हणाली, "बाबा, ती कमरेची सुतळी मला परत द्या हं. तेवढीच नेतेय मी तिकडे."

"अगं, गोदामात पडलीय ढीगभर! नवा गुंडा घेऊन जा की."

"नको. हीच."

काका आत गेले. फरशीवरचा खडूचा चौकोन अजून तसाच होता. शेडमध्ये पायजम्यावरच चढवलेली पँट त्यांनी उतरवली, सुतळी सोडली, बोटांवर घट्ट गुंडाळली. कुणाच्या सुतळीच्या तोड्याला कधी हात न लावलेल्या त्या माणसाला आज पहिल्यांदा वाटलं की हा तेवढा ठेवून घ्यावा. थोडा वेळ मुठीत धरून ते पलंगावर बसून राहिले. मग टोकाला गाठ मारली, बाहेर आले आणि लेकीच्या हातात दिला.